घागर बदलली म्हणजे गाव बदलले नव्हे

१/ खानदेशाच्या प्राचीन इतिहासाचे नकाशे हल्ली समाजमाध्यमांवर फार फिरतात. ‘सावळदा लोक आले, मग माळवा लोक आले, मग जोर्वे लोकांनी त्यांना हटवले.’ प्रत्येक आगमनाला एक जाड बाण! हे बाण उभे आहेत केवळ खापरांच्या रंगावर, आणि खापरांना एवढे ओझे पेलत नाही.

२/ मुळात ही नावे संशोधकांनी दिलेली आहेत. सावळदा हे तापीकाठचे गाव, जोर्वे हे प्रवरेकाठचे, माळवा हा प्रदेश. ती भांडी वापरणारे स्वतःला काय म्हणवीत, हे एकाही खापरावर लिहिलेले नाही.

३/ भुसावळ-दीपनगरकडून पश्चिमेस वाहणारी तापी प्रकाशे येथे गोमाईला भेटते. तेथे १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या पहिल्या टप्प्यात माळवा भांडी सापडली. दुसऱ्यात जोर्वे भांडी आली, पण माळवा भांडी नाहीशी झाली नाहीत. मग कोणी कोणाला हटवले?

४/ खापरे निरुपयोगी आहेत, असे मुळीच नाही. दायमाबादला सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे असा पाच टप्प्यांचा क्रम थरांतील खापरांमुळेच लागला. खापर क्रम सांगते. वंश सांगत नाही.

५/ भांडी बदलतात ती नव्या भट्टीमुळे, व्यापारामुळे, सोयरिकीमुळेही. आपल्याच घरांतील तांब्या-पितळेची जागा स्टीलने घेतली. त्यासाठी कोणी गावावर स्वारी केली नव्हती.

६/ हा वाद निरुपद्रवी नाही. जर्मनीत गुस्ताफ कोसिना यांनी ‘जिथे आमची वस्तू, तिथे आमचे लोक’ असे समीकरण मांडले. पुढे नाझींनी त्याच विचाराच्या आधारे शेजाऱ्यांच्या भूमीवर हक्क सांगितला.

७/ स्थलांतरे घडतच नाहीत, असा माझा दावा नाही. युरोपातील नदीखोऱ्यांत रेषांकित भांडी घडवणाऱ्या पहिल्या शेतकऱ्यांचे पूर्वज अनातोलियाकडून आले, हे आज सिद्ध आहे. परंतु त्याची निर्णायक साक्ष हाडांतील डीएनएने दिली, मडक्यांनी नव्हे. खानदेशासाठी तशी साक्ष हाती नसताना बाण काढणे हा इतिहास नव्हे, कल्पनाविलास आहे.

८/ आणि एक विनंती. जुन्या पांढरीवर चित्रित खापर दिसले, तर ते उकरून खिशात घालू नका. थरातून उचललेले खापर मुके होते. मग त्याच्या तोंडी कोणीही काहीही घालू शकतो.