‘ब्लू’ पहिला, पण कबुलीजबाबासाठी नव्हे

स्वतः गाणी लिहून, त्यांना चाली लावून स्वतःच गाणाऱ्या कलावंतांच्या सर्वश्रेष्ठ अल्बमांची यादी करायला घेतली की जोनी मिचेलच्या ‘ब्लू’चं नाव सगळ्यात वर येणार, हे आता ठरून गेल्यासारखं आहे. हा १९७१ चा अल्बम. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या २००३ सालच्या पाचशे अल्बमांच्या यादीत तो ३० वा होता. २०२० मध्ये नव्या मतदारांकडून ती यादी नव्याने करून घेतली, तेव्हा तो ३ ऱ्या क्रमांकावर आला. जुन्या यादीच्या पहिल्या दहांत एकाही गायिकेचा अल्बम नव्हता, त्यामुळे मतदार बदलले हे उत्तमच झालं. माझं भांडण क्रमांकाशी नाही, त्या क्रमांकासाठी जे कारण पुढे केलं जातं त्याच्याशी आहे.

ते कारण असं की, या बाईने काळीज उघडं करून ठेवलं, काही हातचं राखलं नाही, म्हणून हा अल्बम थोर. म्हणजे गाण्यातली कबुली जितकी खरी, तितकं गाणं मोठं. याच मापाने बॉब डिलनचा ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ मोडत्या संसाराची कहाणी म्हणून वर चढतो आणि कॅरोल किंगचा ‘टॅपेस्ट्री’ ‘गोड, लोकप्रिय’ म्हणून खाली ढकलला जातो. हा पूर्वपक्ष मला साफ अमान्य आहे.

‘ब्लू’मधलं सर्वांत खाजगी गाणं घ्या, ‘लिटल ग्रीन’. १९६५ मध्ये जोनीने आपली तान्ही मुलगी दत्तक दिली होती, आणि हे गाणं तिच्यासाठी आहे. पण अल्बम आला तेव्हा ही गोष्ट श्रोत्यांना ठाऊक नव्हती. ती जगजाहीर झाली १९९० च्या दशकात. मधली वीसेक वर्षं लोकांनी हे गाणं ऐकलं, जपलं, त्यावर डोळे पुसले, आणि त्यातली कबुली कसली आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. मग त्यांना भिडलं ते काय? शिवाय हे गाणं १९६७ चं, म्हणजे अल्बममध्ये येण्याआधी चार वर्षं तिच्या हाताखालून गेलेलं. जखम भळभळत असताना माइकसमोर बसून ओतलेलं हे दुःख नव्हे.

डिलनचंही तेच. ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ सप्टेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित होऊन तयार होता. डिसेंबरच्या अखेरीस, अल्बमची वेष्टनंसुद्धा छापून झालेली असताना, त्याने दहापैकी पाच गाणी मिनिआपोलिसमध्ये स्थानिक वादकांना घेऊन पुन्हा गायली. ‘टँगल्ड अप इन ब्लू’चं न्यूयॉर्कचं मुद्रण आणि अल्बममधलं मुद्रण लागोपाठ ऐकावं. पहिल्यात सुरुवातीची कडवी ‘तो’ने सांगितलेली आहेत, दुसऱ्यात तिथे ‘मी’ आला आहे. एका वादकाच्या सूचनेवरून पट्टीही वर चढवली, आणि त्या उंच पट्टीत आवाजाला ताण आला, गाण्याला धाप लागली. ज्या ‘मी’वरून रसिक त्याच्या संसाराचा छडा लावत बसतात, तो ‘मी’ दुसऱ्या मुद्रणात आलेला आहे. पुढे २००४ च्या आत्मचरित्रात त्याने लिहिलं की, आपण एक अख्खा अल्बम चेकॉव्हच्या कथांवर बेतला आणि टीकाकारांनी तो आत्मचरित्रपर समजला. अल्बमचं नाव त्याने दिलेलं नाही, पण बहुतेक जाणकार तो हाच मानतात. हे शंभर टक्के खरं धरायची गरज नाही. संसार मोडत होता हेही खोटं नाही. पण संसार पुष्कळांचे मोडतात, आणि त्यातून ‘टँगल्ड अप इन ब्लू’ निघत नाही.

‘ब्लू’ थोर आहे तो घडणीमुळे. नवव्या वर्षी झालेल्या पोलिओने जोनीचा डावा हात कमजोर झाला होता. गिटारवर नेहमीच्या पकडी धरणं तिला जड जाई, म्हणून ती गिटारच्या तारा आपल्या सोयीने, गाण्यागणिक वेगळ्या सुरांत लावू लागली. त्या सुरावटींतून असे स्वरमेळ निघाले की ते सुख सांगताहेत की दुःख, याचा पटकन निवाडा होत नाही. ‘अ केस ऑफ यू’मध्ये तिने मांडीवर आडवं ठेवून छेडायचं डल्सिमर घेतलंय आणि जेम्स टेलरने गिटारची साथ केली आहे. सगळा ठेका डल्सिमरच्या तारांवर तोललेला, आणि त्यावर तिचा गळा खालच्या सुरातून एकदम वर झेपावतो. ‘रिव्हर’ची सुरुवात ऐका: पियानोवर ‘जिंगल बेल्स’ वाजू लागतं, पण खालचे स्वर असे बदललेले असतात की सणाची ती ओळखीची चाल सणाला पारखी होऊन येते. शब्द सुरू व्हायच्या आधीच एकटेपणा सांगून झालेला असतो. याला कबुली म्हणत नाहीत, कसब म्हणतात. अल्बम जवळजवळ पुरा झाल्यावर तिने दोन गाणी काढून टाकली आणि ‘ऑल आय वाँट’ व ‘द लास्ट टाइम आय सॉ रिचर्ड’ ही दोन घातली. आज पहिलं आणि शेवटचं गाणं हीच आहेत. अल्बमची दोन्ही टोकं तिने सगळ्यात शेवटी बांधली.

आवडीनिवडीचा प्रश्न आहे, याद्या हव्यात कशाला, असंही म्हणणारे आहेत. त्यांचंही मला पटत नाही. निक ड्रेकचा ‘पिंक मून’ १९७२ मध्ये आला तेव्हा फारसा कोणी घेतला नाही, आणि १९७४ मध्ये ड्रेक गेला. पुढे मोटारीच्या एका जाहिरातीने अल्बमचा खप वाढवला हे खरं. पण त्याआधीची पंचवीस वर्षं ते नाव जिवंत ठेवलं ते त्याच्यासाठी हट्टाने भांडणाऱ्या मूठभर लोकांनी. यादी म्हणजे असंच भांडण.

आता ‘टॅपेस्ट्री’. २००३ मध्ये ३६ वा, २०२० मध्ये २५ वा. त्याच्यावरचा आक्षेप असा की बारापैकी पाच गाण्यांत दुसऱ्यांचे शब्द आहेत, काही गाणी तर आधी इतरांनी गाऊन गाजवलेली, मग यात तिचं मन कुठे? ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हे या आक्षेपाला सडेतोड उत्तर आहे. १९६० मध्ये ‘शिरेल्स’ या मुलींच्या गटाने ते गायलं, तेव्हा चाल अठरा वर्षांच्या कॅरोलची आणि शब्द तिच्या नवऱ्याचे, जेरी गॉफिनचे होते. १९७१ मध्ये ती तेच गाणं स्वतः गाते, तोवर त्या दोघांचा घटस्फोट झालेला आहे. तिने लय उतरवली, पियानो पुढे आणला आणि शब्द होते तसेच ठेवले. शिरेल्सच्या तोंडी उद्याची धाकधूक असलेला तो प्रश्न आता उत्तर माहीत असलेली बाई विचारते. शब्द पुरुषाचे, तेही घटस्फोट झालेल्या नवऱ्याचे, आणि तरी गाणं पुरतं तिचं. कबुलीच्या मापाला हे दिसूच शकत नाही.

आणि त्या मुद्रणात तिच्यामागे सूर धरणाऱ्यांत जोनी मिचेल आहे, जेम्स टेलर आहे. दोन्ही अल्बम हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत त्याच सुमारास होत होते. जोनीला कॅरोलचं काम दुय्यम वाटलं नव्हतं. माझ्या यादीत ‘ब्लू’ पहिला, आणि त्याच्या लगोलग, दुसरा, ‘टॅपेस्ट्री’. डिलन तिसरा.