मोबाइलवरचा डॉक्टर: कोणासाठी चालेल?

वस्तीत हल्ली बाया विचारतात, "ताई, मोबाइलवरचा डॉक्टर चांगला असतो का?" आम्ही आधी विचारतो, कोणासाठी? सर्दी-खोकला असेल, बीपीच्या गोळीबद्दल विचारायचे असेल, तर सरकारची ई-संजीवनी मोफत आहे. गाडीभाडे आणि दिवसाची मजुरी वाचते. पण सिकलसेलच्या 'एसएस' रुग्णाचे तसे नाही. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर ठरावीक काळाने रक्त तपासून पेशी मोजाव्याच लागतात. ताप, छातीत दुखणे, दम लागणे सुरू झाले की फोन बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. 'सिकलसेल मुळासकट घालवू' म्हणणाऱ्या जाहिराती आमच्याही फोनवर येतात. अशांना एक पैसाही पाठवू नका.

तथागतांनी कालामांना सांगितले होते, ऐकीव म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका. मग पाच तारे आणि पांढरा कोट बघून आपण का मानावे? 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डॉक्टरचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असलाच पाहिजे. तो मागा, मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत नाव शोधा. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याच जाहिरातीत नसते. घरात एकच फोन, तोही मुलाच्या हातात. अंगावरून जाण्याची तक्रार आई त्याच्यासमोर कशी सांगेल? सेवा कितीही खरी असो, तिच्यासाठी उपकेंद्रातली नर्सताईच बरी.