मागच्या आसनावरचा पट्टा

मागे बसणाऱ्याला पट्ट्याची गरज नसते, हा आपल्या कुटुंबांतील समज आता तरी मोडीत काढावयास हवा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते; तेच दोघे मृत्युमुखी पडले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले.

तरीही हौसेने घातलेल्या सीट-कव्हरांखाली आपण मागच्या पट्ट्यांची बकले गाडून टाकतो! त्याहून अक्षम्य म्हणजे लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसणे. याला म्हणे माया म्हणतात. ताशी पन्नास किलोमीटर वेगाची मोटार आदळली, की दहा किलोंचे मूल सुमारे दोनशे किलोंच्या भाराने पुढे फेकले जाते. कोणत्या मातेचे हात त्याला आवरतील? शिवाय एअरबॅग फुगते, ती त्याच्याच मस्तकावर.

चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने वा बाल-आसनात न बांधल्यास हजार रुपये दंड आहे. पण दंडाची भीती पोलीस दिसेपर्यंतच. बाल-आसन महाग पडते, असे म्हणणाऱ्यांनी त्याच बाळाच्या बाप्तिस्म्याच्या मेजवानीवर किती खर्च केला, तेवढे सांगावे.