अतिभारारोपण फक्त बैलाचं नसतं



दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणीही झाली. या वेळी उपवासानंतरच्या पारण्याबद्दल लिहायचं ठरवलं होतं. पण पर्वाच्या आठव्या दिवशी आमच्या अंगणात जे घडलं, ते मनातून जात नाही. म्हणून पारणं पुढच्या वेळी.

आधी आमच्या धाकट्याबद्दल सांगते. तो पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. कॉलेजात असेपर्यंत सूर्यास्तानंतर जेवायचं नाही हा नियम त्याने पाळला. नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी तो सुटला. मी रागावले होते. नंतर कळलं की, प्रश्न नुसता रात्रीच्या जेवणाचा नाही. दुपारी दोनचं जेवण चारला होतं, रात्रीचं अकराला, आणि मध्ये सात-आठ कप चहा. एकोणतिसाव्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली. फोन केला की एकच उत्तर, "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." ते 'नंतर' रात्री बाराला येतं.

पुण्याच्या नोकरीचं नाव काढलं की मला अ‍ॅना सेबॅस्टियन पेरायिल आठवते. केरळची सव्वीस वर्षांची मुलगी, सीए झालेली. मार्च 2024 मध्ये पुण्यात एका मोठ्या कंपनीत रुजू झाली आणि 20 जुलैला गेली. चार महिने. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. कामाच्या ओझ्याने माझी मुलगी गेली, असं आईचं म्हणणं होतं. कंपनीने ते मान्य केलं नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने आपणहून दखल घेतली. आपल्या समाजात घरटी एक सीए नाहीतर इंजिनिअर. त्या दिवसांत आपल्यातली कोणती आई शांत झोपली असेल?

आणि हा नुसता आईच्या काळजाचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. 2016 या एका वर्षात जगभरात सुमारे 7 लाख 45 हजार माणसं अशा लांबलेल्या कामाच्या तासांपायी गेली, असा त्यांचा अंदाज आहे. ताण सतत राहिला की रक्तदाब चढा राहतो, झोप तुटते, जेवणाच्या वेळा मोडतात. माणूस एका दिवसात पडत नाही. आतून झिजत जातो आणि एक दिवस पडलेला दिसतो.

आता त्या आठव्या दिवसाकडे येते.

आदल्या दिवशी, 3 सप्टेंबर 2025 ला, राज्य मंत्रिमंडळाने दुकानं आणि खासगी आस्थापनांतली दिवसाच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 10 तासांवर न्यायला मंजुरी दिली होती. कारखान्यांसाठी 9 वरून 12. सकाळी पेपरात ते वाचून मी तावातावाने बोलत होते. "आधीच पोरं मरायला टेकलीत, त्यात हे!" घरात सगळे हो ला हो करत होते. बाहेर मावशी भांडी घासत होत्या. बाराच्या सुमारास धाडकन आवाज आला. पातेलं घरंगळत गेलं आणि मावशी नळापाशी आडव्या झाल्या होत्या.

दवाखान्यात नेलं. रक्त सातवर आलेलं, बीपीही बिघडलेला. डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून काय खाल्लं? मावशी माझ्याकडे बघून गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "चहा पण नाही ओ. वैनींच्या घरात उपास चालूय ना."

मैत्रिणींनो, ते ऐकून मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. एरवी दहा वाजता मी त्यांना चहा-पोळी देते. पर्वात घरातल्या सगळ्यांचेच उपवास, एकाशन, त्यामुळे सकाळी चूलच पेटत नव्हती. आमचे उपवास आम्ही ठरवून केलेले. त्यांच्यावर तो आम्ही लादला, आणि आठ दिवस ते माझ्या लक्षातही आलं नाही. वर पाहुण्यांमुळे काम दुप्पट. एक वाजता सुटणारी बाई चारपर्यंत राबत होती. मी साडी घेऊन ठेवली होती, म्हटलं त्यात फिटलं.

मावशी राहतात विडी घरकुलात. बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते. आमचं कुंभारी गाव सोलापूरपासून अक्कलकोट रस्त्याला. इथे विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्यासाठी आले होते. जवळच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प आहे, त्यातली पंधरा हजार घरं 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते दिली गेली. दोन पंतप्रधानांनी पाहिलेलं आमचं गाव. मी मात्र इतकी वर्षं इथे राहून घरकुलातल्या एकाही घरात गेले नव्हते.

तंबाखू आपल्याकडे व्यसनात मोजतात आणि उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत. त्यामुळे विडी कशी होते हेही आपल्याला माहीत नसतं. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याच्या मापावर धरून कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं, तोंड दुमडायचं. मांडीवर सूप, मान खाली, तासन् तास. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. हात थांबला की पैसा थांबला. म्हणून पाणी कमी प्यायचं, उठायला लागू नये म्हणून. मान, कंबर आणि बोटं दुखतात, तंबाखूची भुकटी नाकातोंडात जाते. यांच्यासाठी 1966 सालचा वेगळा कायदा होता. पण घरी बसून काम करणाऱ्या बाईचे तास मोजायला घरात कोण येणार?

दवाखान्याच्या बाकावर मी मावशींना त्यांचा दिवस विचारला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पहाटे चार ते साडेसहा विड्या. आठ ते दीड दोन घरची कामं, त्यातलं एक माझं. दुपारी तीन ते आठ परत विड्या आणि कारखान्यात देऊन येणं. रविवारी पुढच्या आठवड्याची पानं कापून ठेवायची. स्वतःच्या घरचा स्वयंपाक, पाणी, नातवंडं हे वेगळंच. मी मनात बेरीज केली. दिवसाचे 13 तास, आठवड्याचे 91.

जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष आठवड्याला 90 तास काम करण्याबद्दल बोलले होते, आठवतं? घरी बसून नवरा-बायकोने एकमेकांकडे किती वेळ बघत बसायचं, असंही म्हणाले होते. आपल्या बायकांच्या ग्रुपवर त्याची किती टिंगल झाली! मीही केली. आणि 90 तास भरणारी बाई त्याच वेळी माझी फरशी पुसत होती.

स्वाध्यायात आपण अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार शिकतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अवयव तोडणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं आणि अन्नपाणी अडवणं. शिकवताना बैलाचं उदाहरण देतात, घोड्याचं देतात. पाठ करतो, परीक्षेत लिहितो, पुढच्या सूत्राकडे वळतो. बैल आता कुणाच्या दारात आहे? मग आपल्याला वाटतं, हे आपल्याला लागूच नाही. पण शेवटचे दोन अतिचार मी त्याच आठवड्यात, पर्वाच्या पवित्र दिवसांत, एकाच बाईवर केले होते. पाणी गाळून घेताना त्यातल्या सूक्ष्म जिवाची मी काळजी करते. पंचेंद्रिय जीव अंगणात उपाशी होता.

मला ठाम वाटतं, कामाचा ताण ही आपल्यासाठी आधी हिंसेची गोष्ट आहे, आरोग्याची त्यानंतर. ओझं लादणाऱ्याचा तो दोष आहे. आपण मात्र उलट करतो. ज्याच्यावर ओझं आहे त्यालाच उपदेश करतो. "सामायिक कर, मन शांत होईल." "योगा कर." "एवढं मनाला लावून घेऊ नकोस." धाकट्याला मी हेच सांगत आले. सामायिक मीही करते, त्याने मन खरंच स्थिर होतं. पण सामायिक आत्म्यासाठी आहे. जास्तीचं ओझं वाहता यावं म्हणून ते सांगितलेलं नाही. बैलाची पाठ सोलली असताना गाडी हलकी करायची की त्याला ध्यान शिकवायचं?

"आम्ही नाही का राबलो? वीस माणसांचा स्वयंपाक करायचो," असं आपल्या सासूबाई म्हणतात. खरंच राबल्या. पण त्यांची गुडघेदुखी, कंबरदुखी, चाळिशीत आलेला बीपी आपणच बघितला ना? त्यांनी सोसलं म्हणून ते योग्य होतं असं नाही.

दुसरं म्हणणं आपल्या पुरुषमंडळींचं असतं. "धंदा असाच चालतो. सणाच्या गर्दीत दुकान सातला बंद करू का?" गर्दी मला कळते, आमचंही दुकान आहे. पण गर्दी सणाची असेल तर जास्तीचं कामही सणापुरतंच हवं, त्याचे पैसे वेगळे हवेत आणि नंतर सुट्टी हवी. ती मेहेरबानी नव्हे. आणि कायद्यावर विसंबून राहू नका. ती 10 तासांची मर्यादा 20 किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणांसाठी ठरवली आहे. आपल्या गल्लीतल्या किती दुकानांत वीस माणसं आहेत? आणि घरकामाला तर तासांची मर्यादाच नाही. तिथे आपल्याला अडवणारं एकच आहे, आपलं व्रत.

मी काय बदललं ते सांगते. मोठं काही नाही. मावशी आल्या की आधी खातात, मग कामाला लागतात. घरात उपवास असला तरी त्यांच्यासाठी चूल पेटते. एक वाजता काम थांबतं, उरलं तर मी करते. पाहुणे असले की दुसरी बाई बोलावते. आठवड्याची एक सुट्टी, पगार न कापता. दुकानातल्या दोन्ही पोरांना बसायला स्टूल दिलं आणि जेवणाची वेळ ठरवून दिली. यजमान आधी कुरकुरले. मग मी त्यांना तो सूत्राचा पाठ काढून दाखवला.

धाकट्याशीही वेगळं बोलले. उपदेश केला नाही. फक्त म्हटलं, "पगार कमी असलेली नोकरी घेतलीस तरी या घरात कुणी तुला कमी समजणार नाही." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आई, हे मला कधी कुणी म्हटलंच नव्हतं." नोकरी त्याने अजून सोडलेली नाही. पण आता रात्री नऊनंतर लॅपटॉप बंद ठेवतो, आणि मीटिंग असेल तर सरळ सकाळची वेळ मागतो.

यात आपलाही वाटा आहे, मैत्रिणींनो. स्थळ बघताना आपण पॅकेज विचारतो. मुलगा घरी किती वाजता येतो, हे कधी विचारतो का? आत्याबाईंच्या मुलापेक्षा आपल्या मुलाचा आकडा मोठा असावा, या हौसेने आपणच पोरांच्या पाठीवर एक पोतं जास्त टाकतो. परिग्रह आपला आणि ओझं त्यांचं.

क्षमावाणीच्या दिवशी मी सकाळी दोनशेहून जास्त जणांना मेसेज पाठवले. त्यातल्या कित्येकांशी वर्षभर बोलणंही झालं नव्हतं. मग चप्पल घातली आणि घरकुलात गेले. मावशी घाईघाईने तंबाखूचं सूप पलंगाखाली सारायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या. हात जोडले आणि सांगितलं, माझं चुकलं, क्षमा करा. त्यांना काही सुचेना. "असं काय करताय ओ वैनी, बसा की," एवढंच म्हणत राहिल्या. मग चहा टाकला. ज्या घरात तंबाखू आहे तिथे मी कधी पाणी घेत नसे. त्या दिवशी चहा घेतला. सूर्यास्ताला अजून वेळ होता.