हजेरीपट म्हणजे काय गावजेवण आहे?

मंडळी, एक कल्पना करा. हिंगोली जिल्ह्यातला एक तांडा. शाळेत चौथीला तीन मुली. दिवाळीनंतर त्यातली एक येईनाशी होते. मग कुणी संशोधक शिक्षण खात्याला म्हणतो, "नावं नकोत हो, फक्त गाव, इयत्ता, मुलगा की मुलगी आणि गैरहजेरीच्या तारखा द्या." खातं एक्सेल शीट देऊन मोकळं होतं. नाव गाळलं, म्हणजे झाली गोपनीयता! अहो, ती मुलगी कोण हे तांड्यावरचं शेंबडं पोरगंही सांगेल.

कुणी म्हणेल, गैरहजेरीत लपवण्यासारखं आहे काय? सांगतो. सेनगाव, कळमनुरीकडची कितीतरी कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. चार-पाच महिने घराला कुलूप. शाळेच्या तारखांवरून ते कुलूप कधी लागलं ते कळतं. लेकराला फडावर नेलंय हे कळतं. कधी पोरीचं लग्न उरकलं हेही कळतं. हजेरीपट शाळेचा, पण त्यातली माहिती घरातली.

आता दुसरी बाजू. मोजायला तर हवंच. हिंगोलीच्या शेजारी नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी पटपडताळणी केली आणि कागदोपत्री विद्यार्थ्यांचा केवढा बाजार मांडलाय ते उघड झालं. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर तेच झालं. पण पद्धत आठवते? पोरांच्या बोटाला शाई! मतदानासारखी. एक पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये एवढंच बघायचं होतं. शाई काही दिवसांत गेली, आकडा राहिला. चोरी पकडायला कुणाची कुंडली मांडावी लागली नाही.

त्यानंतर मात्र आपण सुसाट सुटलो. २०१५ ला 'सरल' आलं. पुढे आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांवर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदंही आधारवर. डिसेंबर २०२३ पासून अटेंडन्स बॉट. आता 'अपार' आयडी, कागदावर ऐच्छिक. प्रत्येकाचं कारण सुटं सुटं बघितलं तर पटतं. पण आपण सॉफ्टवेअरवाले आहोत ना? दोन टेबलांत एक की सारखी असली की जॉइन मारायला एक ओळ पुरते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

की नसली तरी जमतं. १९९७ च्या सुमारास लतान्या स्वीनी या संशोधिकेने मॅसॅच्युसेट्समधला नावं गाळलेला दवाखान्यांचा डेटा मतदार यादीशी जुळवला आणि खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. तिथे गव्हर्नर सापडला, इथे तांड्यावरची पोर किती वेळ लपेल?

आणि शाळेत दिलेली माहिती शाळेतच राहते या भ्रमात राहू नका. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने २०१५ मध्ये मुलांची माहिती परदेशी नागरिकांवर कारवाई करणाऱ्या गृहखात्याला द्यायचा करार केला. लोकांना तो कळला २०१६ मध्ये. शाळांतून मुलांचं राष्ट्रीयत्व विचारणंही सुरू झालं होतं. पालकांनी बहिष्कार घातला आणि २०१८ मध्ये तो प्रश्न काढावा लागला.

आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, असं कायदा म्हणतो. छान. पण संशोधनाला त्यात सूट आहे. अटी दोन: त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरलेली मानकं पाळायची. पाळली की नाही हे सेनगावातल्या बापाला कळणार कसं? तो तर कोयता घेऊन साखर कारखान्यावर गेलेला.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे. संशोधकाला आकडे द्या, तेही तालुकावार, आणि दहापेक्षा कमी मुलांचा गट असेल तर तो आकडा झाका. खोलात जायचंच असेल तर त्याने सरकारी सर्व्हरवर येऊन आपला प्रोग्राम चालवावा, फाइल बाहेर जाणार नाही. आधार आणि अपारचे नंबर त्या कॉपीत असताच कामा नयेत. आणि कुणाला काय दिलं याची यादी मराठीत शाळेच्या फळ्यावर लावा.

नाव लागतं ते गुरुजींना, बालरक्षकाला आणि पोर जिथे जाईल तिथल्या शाळेला. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे ना? ते कार्ड आई-बापाच्या हातात असतं आणि पोरीबरोबर फडापर्यंत जातं. माहिती पाठवायचीच हौस असेल तर अशी पाठवा. बाकीच्यांना हजेरीपटाच्या पंगतीला बसवायचं काही कारण नाही.