बिनगिअरची गाडी आणि दुचाकीप्रेमींचा नाकमुरडेपणा

५ जुलै २०२४ रोजी बजाज ऑटोने पुण्यात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या उपस्थितीत ‘फ्रीडम १२५’ ही मोटारसायकल सादर केली. सीएनजीवर चालणारी आणि कारखान्यातून रीतसर विक्रीस आलेली ही जगातील पहिलीच मोटारसायकल होय. आकुर्डी-चाकणच्या उद्योगनगरीत हे घडले, याचा आनंद पुणेकरांना व्हावयास हवा होता. काहींना तो झालाही. परंतु दुचाकीप्रेमी म्हणून जो एक वर्ग आहे, त्याने गाडीकडे पाहून पहिले नाक मुरडले ते तिच्या रूपावर. बैठक केवढी लांब, टाकी केवढी चिमुकली, सांगाड्याच्या नळ्या उघड्या कशासाठी, असे प्रश्न विचारले गेले.

या प्रश्नांची उत्तरे गाडीतच आहेत. वायूचे नळकांडे बैठकीखाली आडवे ठेवलेले आहे. रिकामे असताना त्याचे वजन सुमारे १६ किलो, आणि त्यात २ किलो वायू मावतो. ते सुरक्षित राहावे म्हणून भोवती नळ्यांचा पिंजरा, आणि त्यावर आच्छादन म्हणून लांब बैठक. पेट्रोलची टाकी २ लिटरची, कारण पेट्रोल येथे केवळ अडीअडचणीपुरते आहे. आकार असा का, हे न पाहता तो विचित्र ठरवणे, ही या हौशी मंडळींची जुनी खोड आहे. पुण्यात तिचा इतिहास किमान अर्धशतकाचा आहे, आणि त्याची किंमत पुण्याच्याच उद्योगाने मोजलेली आहे, असे आमचे मत आहे.

१९७२ साल या दृष्टीने लक्षणीय. त्या एकाच वर्षी पुण्याच्या दोन उद्योगसमूहांनी दोन वाहने बाजारात आणली. बजाजचा ‘चेतक’ आणि फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिकची ‘लूना’. महाराणा प्रतापांच्या अश्वाचे नाव धारण करणारा चेतक डाव्या मुठीत गिअर फिरवून चालवायचा. त्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. लूनाला गिअर नव्हते, क्लचचा दांडा नव्हता, शिवाय सायकलीसारखी पायटी होती. मूठ पिळली की केंद्रापसारी क्लच आपोआप पकड घेई. ऐटबाज तरुणांच्या दृष्टीने ती गाडीच नव्हे. पण शाळेतील शिक्षक, पोस्टातील कारकून, घरोघर शिकवण्या घेणाऱ्या बाई, दूधवाले यांनी ती आपलीशी केली. सायकलींच्या या शहरात सायकलीहून स्वयंचलित वाहनाकडे जाणारी पहिली पायरी अनेक कुटुंबांसाठी लूनाच होती.

त्यानंतर १९८४ मध्ये ‘कायनेटिक होंडा’ आली. बटण दाबले की सुरू, मूठ पिळली की चालू. आतील रचना पाहण्यासारखी आहे. दोन कप्प्यांवरून एक पट्टा फिरतो. इंजिनाचा वेग वाढला की पुढील कप्प्यातील लहान वजने बाहेर फेकली जातात, कप्प्याच्या दोन चकत्या जवळ येतात आणि पट्टा वर सरकतो. त्याच वेळी मागील कप्प्यात तो खाली उतरतो. म्हणजे गिअर नाहीत असे नव्हे, तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत असंख्य गिअर आहेत आणि ते बदलण्याचे काम यंत्र स्वतः करते. कोणत्याही यंत्रप्रेमीने हे पाहून खूश व्हावे. पण तिच्या वाट्याला आले ते ‘बायकांची गाडी’ हे बिरुद. चेतक आडवा कलवून, लाथा मारून सुरू करण्यात जो पुरुषार्थ होता, तो बटणात कुठून असणार!

हे बिरुद केवळ थट्टेपुरते राहिले असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण गिअरची गाडी ती खरी गाडी आणि बिनगिअरची दुय्यम, हा समज बाजारात रुजला आणि जाहिरातींनी तो जोपासला. २००१ साली बजाजने ‘पल्सर’ आणली. उत्तम गाडी, भारतीय मोटारसायकलीला तिने नवा चेहरा दिला. तिची जाहिरात होती ‘डेफिनिटली मेल’, म्हणजे निःसंशय पुरुष. त्याच सुमारास होंडाने स्वतःच्या भारतीय कंपनीमार्फत बिनगिअरची ‘अ‍ॅक्टिव्हा’ बाजारात आणली. होंडा १९९८ मध्येच कायनेटिकच्या भागीदारीतून बाहेर पडली होती. जी वाट पुण्याच्या उद्योगाने जपानी भागीदाराच्या साहाय्याने येथे पाडली, त्याच वाटेवरून तो भागीदार एकटा पुढे निघून गेला.

पुढचा हिशेब सर्वज्ञात आहे. कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय २००८ मध्ये महिंद्राकडे गेला. बजाजने ‘क्रिस्टल’सारखे प्रयत्न करून पाहिले आणि २००९ च्या अखेरीस स्कूटरनिर्मितीच थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. मोटारसायकलीवर लक्ष एकवटावे हा राजीव बजाज यांचा विचार व्यवसायदृष्ट्या तर्कशुद्ध होता, निर्यातीत त्याचे फळही मिळाले. तरी राहुल बजाज यांनी या निर्णयाने झालेले दुःख लपवले नाही. पुढे अ‍ॅक्टिव्हा काही काळ देशातील सर्वाधिक खपाची दुचाकी ठरली. पुण्याच्याच रस्त्यांवर पाहा. चेहऱ्यावर ओढणी बांधून महाविद्यालयात, बँकेत, पाळणाघरात जाणाऱ्या मुली आणि गृहिणी ज्या वाहनावर आहेत, ते बहुधा दुसऱ्या प्रांतात तयार झालेले आणि परकीय नावाचे असते. स्कूटरचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहराने ही बाजारपेठ गमावली, याचा सारा दोष हौशी मंडळींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण घरातील स्त्रीला, पायाला अधू असलेल्या माणसाला, साठी उलटलेल्या गृहस्थाला काय हवे आहे, हा प्रश्न ज्या काळात क्षुल्लक वाटला, तो काळ घडवण्यात त्यांचा वाटा आहे.

गंमत अशी की, ज्या जावा-येझदीच्या आठवणीने या मंडळींचे डोळे पाणावतात, त्या गाड्यांतही अर्धी स्वयंचलित सोय होती. गिअरची पायटी दाबली की क्लच आपोआप सुटत असे, हाताने दांडा ओढण्याची गरज नव्हती. जपानमध्ये १९५८ साली आलेल्या होंडाच्या ‘सुपर कब’लाही क्लचचा दांडा नव्हता. एका हातात शेवयांच्या वाडग्यांचे तबक घेऊन दुसऱ्या हाताने चालवता यावी, अशी ती कल्पना. २०१७ पर्यंत अशा दहा कोटी गाड्या तयार झाल्या. याउलट त्याच होंडाची ‘डीएन-०१’ ही पसरट, अवजड, गिअरपेटीच्या जागी द्रवचलित स्वयंचलित यंत्रणा असलेली मोटारसायकल २००८ मध्ये आली आणि दोन-तीन वर्षांत गेलीही. तिला हसणारे बरोबर ठरले, पण कारण रूप नव्हते. सुपर कबने कोणाचे तरी रोजचे ओझे हलके केले होते. डीएन-०१ कोणाचे हलके करते, हे कोणालाच सांगता आले नाही. फ्रीडमची परीक्षाही याच कसोटीवर व्हावी. डिसेंबर २०२४ मध्ये तिच्या किमती उतरवाव्या लागल्या. सीएनजी पंपावरील रांगेत रिक्षांच्या मागे उभे राहण्यात जाणारा वेळ आणि इंधनात होणारी बचत यांचा मेळ ग्राहक घालीत आहेत. हा वाद बैठकीच्या लांबीपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

हौशी मंडळींचे काही आक्षेप मात्र खरे आहेत आणि ते आम्ही मान्य करतो. कात्रज किंवा दिवे घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरून धरते. पट्ट्याच्या गाडीत ही पकड कमी मिळते आणि सारा भार ब्रेकवर येतो. पट्ट्याच्या घर्षणात थोडे इंधनही वाया जाते. शिवाय गिअर बदलणे हे एक कौशल्य आहे. हात, पाय आणि कान यांचा मेळ साधल्याचे समाधान त्यात आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण कौशल्याचा अभिमान वेगळा आणि ते नसलेल्यास हीन लेखणे वेगळे.

आता काळानेच हा वाद जवळपास निकालात काढला आहे. जानेवारी २०२० मध्ये चेतक परतला तो विद्युत रूपात, आणि जून २०२२ पासून आकुर्डीतच नव्या कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. २०२४ मध्ये लूना आणि २०२५ मध्ये कायनेटिकची जुनी ‘डीएक्स’ त्याच मार्गाने परतल्या. यांपैकी एकीलाही गिअर नाही, आणि त्याबद्दल तक्रार ऐकू येत नाही. ज्या गोष्टीसाठी १९८४ मध्ये नाक मुरडले गेले, तीच आज जुन्या काळाची आठवण म्हणून कौतुकाने विकत घेतली जाते.

ज्यांना यंत्राची खरी जाण आहे, त्यांनी आपली शक्ती आता दुसरीकडे वळवावी. जुना चेतक नाक्यावरचा कोणताही मिस्त्री अर्ध्या तासात उघडून जोडून देई. नव्या चेतकाचे पोट संगणकाखेरीज उघडत नाही. बॅटरीची मुदत संपल्यावर नवी कितीला मिळणार, सुटे भाग किती वर्षे उपलब्ध राहणार, नाक्यावरच्या मिस्त्र्याला हे काम कोण शिकवणार, हे प्रश्न मध्यमवर्गीय कुटुंबाने गाडी घेतानाच विक्रेत्याला विचारले पाहिजेत, आणि ते नेमके कसे विचारावेत हे दुचाकीप्रेमींइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.