शाळेत दात तपासतात, पण दाढ भरणार कोण?

शाळा सुरू झाल्या की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी गावोगाव फिरू लागते. वजन, उंची, डोळे, कान आणि मग 'आ कर'. किडलेली दाढ दिसली की रजिस्टरात नोंद होते, मुलाच्या हातात चिठ्ठी दिली जाते. पण चिठ्ठीनं दाढ भरत नाही.

हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून सुरू झाला. तपासायच्या ३० व्याधींत दातांची कीडही आहे. पण फिरत्या पथकाच्या रचनेत दोन आयुष डॉक्टर, एक नर्स आणि एक फार्मासिस्ट. दंतवैद्य नाही. म्हणजे उपचारासाठी तालुक्याला जा, नाहीतर जिल्ह्याला. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून बेळगावला यायचं तर आईबापाचा रोजगार बुडतो, वर बसभाडं. एका दाढेला दोन-तीन फेऱ्या. मग काय, दुखेपर्यंत थांबायचं आणि शेवटी काढून टाकायची. दुधाचे दात काय, पडणारच, असंही घरात म्हटलं जातं. त्या दुखण्यानं मूल जेवत नाही, झोपत नाही, हे कुठल्याच हिशेबात येत नाही.

न्यूझीलंडनं हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी उलट्या बाजूनं सोडवला. पहिल्या महायुद्धात भरतीला आलेल्या तरुणांचे दात इतके खराब निघाले की सरकारला लहानपणापासूनच सुरुवात करणं भाग पडलं. सैन्याच्या दंतसेवेतले थॉमस हंटर यांनी १९२१ मध्ये वेलिंग्टनला तरुणींना दोन वर्षांचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. दाढ भरणं, दुधाचा दात काढणं एवढंच काम, पण ते शाळेच्या आवारातल्या दवाखान्यात. दंतवैद्यांमधून विरोध झाला, तरी योजना टिकली. मुलं त्या दवाखान्याला 'खुनाचं घर' म्हणायची, इतका ड्रिलचा धाक! पुढे १९४९ मध्ये मलायानं पेनांगला असंच प्रशिक्षण सुरू केलं.

आपल्याकडे १९४८ चा दंतवैद्यक कायदा झाला. त्यात डेंटिस्ट, हायजिनिस्ट आणि मेकॅनिक आले, पण शाळेत बसून दाढ भरणारी नर्स आली नाही. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयं आणि त्याखालच्या केंद्रांना खुर्ची, साहित्य, मनुष्यबळासाठी मदत मिळू लागली. चांगलंच झालं. पण खुर्ची तालुक्यात आणि तोंड गावात, हे अंतर तसंच राहिलं.

सीमाभागात आणखी एक गैरसमज आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकनं आक्षेप घेतला, दोन्हीकडून भाषणं झाली. पण अशा विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आणि शस्त्रक्रियेसाठी असतात. पोराची साधी दाढ भरणं हे ओपीडीचं काम. त्या वादात कुणीही जिंकलं तरी या दाढेला काही मिळत नाही.

खर्चाचं कारणही आता पुरेसं नाही. हातानं कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरता येतं. त्याला ड्रिल लागत नाही, वीजही नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावून कीड थोपवता येते, फक्त दात काळा पडतो, हे पालकांना आधी सांगावं लागतं. ही दोन्ही २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. बेळगाव शहरात दोन डेंटल कॉलेजं आहेत, शिकाऊ डॉक्टर आहेत. त्यांना पथकाच्याच गाडीत बसवायचं का, एवढा निर्णय आरोग्य खात्यानं घ्यायचा आहे. तोवर पालकांनी शाळेत एक गोष्ट जरूर विचारावी: गेल्या वर्षी किती मुलांना दाताची चिठ्ठी दिली आणि त्यातल्या किती जणांवर उपचार झाले?